आबांचा हात आणि कोन ड्रम

"भाऊ, मना हात गया," असं आबा म्हणाले तेव्हा त्यांच्या हातात कळण्याच्या भाकरीचा तुकडा होता. तो त्यांनी ठेच्याला लावला नाही, ताटाच्या कडेला ठेवून दिला. माय चुलीपुढून वळून बघायला लागली. मी नुकतेच कामावरून येऊन पाय धुतले होते. हात गेला म्हणजे काय, हे विचारायची गरज आम्हा दोघांनाही पडली नाही.

आबा म्हणजे माझे वडील; मला ते भाऊ म्हणायचे. धुळ्याच्या एका कापड गिरणीत, फ्रेम खात्यात त्यांची उमर गेली. मी जळगावला फिटरचा कोर्स करून त्याच गिरणीत लागलो होतो. सत्तर सालाच्या आगेमागेची ही गोष्ट. खात्यात आबांच्या हाताला मान होता. तुटलेली कापसाची वात जोडण्यात त्यांच्या बोटांना तोड नव्हती, आणि हे मी मुलगा म्हणून सांगत नाही. मुलगा म्हणून सांगायचं तर आमचं फारसं पटायचं नाही. ते कमी बोलायचे, मी गरजेपेक्षा जास्त. ते देवाला हात जोडून काम सुरू करायचे, मी पाना शोधत आणि पाना पळवणाऱ्याला शिव्या देत.

आमचे थोरले काका सोनगीरला शेती करायचे. त्यांचा आधी एका हाताचा अंगठा थरथरायला लागला, मग सगळा हात, मग पाण्याचा पेला ओठांपर्यंत पोचेना. शेवटी शेवटी काकू त्यांना भरवायच्या आणि काका डोळे मिटून घ्यायचे. आबांनी हे सगळं जवळून बघितलं होतं. भावाला बघून आले की ते दिवसभर कोणाशी बोलत नसत. त्यामुळे 'हात गेला' हे आमच्या घरात नुसतं कामाचं बोलणं नव्हतं.

"दादानं बी असंच सुरू व्हयेल व्हतं," आबा काकांच्या आठवणीने म्हणाले आणि उठून हात धुवायला गेले.

आता फ्रेम म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. शिवाय ते सांगायला मला आवडतं, तेव्हा वाचणाऱ्याने जरा दम धरावा. कापसाचं एकदम सूत होत नसतं. पिंजलेल्या कापसाचा आधी जाड पेळू होतो, तो ओढून ओढून त्याची कच्ची, भुसभुशीत वात होते, आणि त्या वातीचं पुढे सूत. फ्रेमचं काम वात करायचं आणि ती लाकडी बॉबिनीवर गुंडाळायचं. अशा बॉबिनींची लांबच लांब रांग असते. वातीला पीळ जेमतेम, नावापुरता. जरा ओढली की तुटली, जरा सैल सोडली की शेजारणीच्या गळ्यात पडली.

पुढचे रूळ वात सोडतात ती कायम एकाच वेगाने. गुंडाळणाऱ्या बॉबिनीचं मात्र तसं चालत नाही. संक्रांतीला ज्याने आसारीवर मांजा गुंडाळलाय त्याला हे ठाऊक असतं: रिकाम्या आसारीच्या एका फेऱ्यात जेवढा मांजा जातो, त्याच्या कितीतरी जास्त भरलेल्या आसारीच्या एका फेऱ्यात जातो. बॉबिनीचंही पोट सुटत गेलं की तिने हळू व्हायला हवं. नाहीतर रूळ सोडतात त्याहून जास्त वात ती ओढणार आणि तोडून टाकणार. आणि हे हळू होणं टप्प्याटप्प्याने चालत नाही. ट्रकवाल्यासारखा खाडकन गिअर बदलला तर त्या एका धक्क्यात सगळी रांग तुटून पडेल. गिअर म्हणजे जिना. इथे उतार लागतो.

तो उतार म्हणजे कोन ड्रम. मशीनच्या एका टोकाला, पत्र्याच्या दाराआड, दोन लांबुडके लोखंडी ड्रम असतात, एक वर आणि एक खाली. दोन्ही एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला निमुळते. वरच्याचं जाड टोक ज्या बाजूला, त्या बाजूला खालच्याचं निमुळतं. दोघांना मिळून एक चामड्याचा पट्टा. वरचा ड्रम एका वेगाने फिरत राहतो, पट्ट्याने खालच्याला फिरवतो, आणि खालच्यावर बॉबिनींचा वेग ठरतो. सुरुवातीला पट्टा वरच्याच्या जाड टोकाशी असतो, तेव्हा खालचा जोरात पळतो. बॉबिनीवर वातीचा एक थर पुरा झाला की एक दातेरी चाक एक दात पुढे जातं, 'टक्' असा आवाज होतो, आणि पट्टा अगदी किंचित सरकतो. खालचा ड्रम तेवढाच किंचित मंदावतो. पुन्हा थर, पुन्हा टक्. असा सरकत सरकत पट्टा दुसऱ्या टोकाला पोचतो तोवर बॉबिनी भरलेल्या असतात. मग मशीन थांबवायचं, खालचा ड्रम उचलून पट्टा ढिला करायचा, तो सरकवून परत पहिल्या जागी आणायचा, नव्या रिकाम्या बॉबिनी लावायच्या आणि दांडा ओढायचा.

जलद आणि हळू यांच्या मधे वेग किती, असं कोणी विचारलं तर मी सांगायचो, मोजून दाखव. मला त्या दोन ड्रमांचं वेड होतं. हल्लीच्या बिनगिअरच्या स्कूटरच्या पोटातही पट्टा आणि लहानमोठ्या होणाऱ्या पुल्याच असतात. नात स्कूटर चालवते तेव्हा मी मागे बसून कान लावून असतो, आणि तिला वाटतं आजोबांना भीती वाटतेय.

यातली एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. पट्टा ड्रमवर कुठे आहे यावरून बॉबिनीचं पोट किती भरलंय ते कळतं. आणि बिघाड बॉबिनीच्या कुठल्या पोटाला होतो यावरून तो ड्रमच्या कुठल्या जागी आहे तेही कळतं.

त्या वर्षी आबांना नवी फ्रेम मिळाली होती. नवी म्हणजे दुसऱ्या गिरणीतून आणलेली, आमच्याकडे नवी. नव्या जागी बसवलेलं मशीन सुरुवातीला थोडं रडतंच, तसं हेही रडलं. पण दसऱ्यानंतर त्याने भलताच रंग दाखवला. बॉबिनी रिकाम्या असताना ठीक, अर्ध्या भरेपर्यंत ठीक, आणि पोट भरत आलं की रांगच्या रांग सैल पडायची. वाती लोंबायच्या, एकमेकींत गुंतायच्या, तुटायच्या. आबा दांडा ढकलून मशीन थांबवायचे, वाती जोडायचे, मशीन सुरू करायचे. पण पट्टा त्या जागी असेपर्यंत वात सैलच येणार, त्यामुळे जोडलेली वातही तुटायची. ज्या माणसाने जोडलेली वात पुन्हा तुटली असं खात्यात कोणी बघितलं नव्हतं, त्याच्या जोडलेल्या वाती त्याच्या डोळ्यांदेखत सुटायला लागल्या.

बरं, सगळं खापर मशीनवर फोडावं तर तेही जमेना. आबा कायम सातच्या पहिल्या पाळीला. दुसऱ्या पाळीला त्याच फ्रेमवर माझ्या वयाचा एक फटकळ गडी असायचा. त्याला त्रास निम्म्यानेही नव्हता, आणि झालाच तर तो फ्रेमच्या सात पिढ्यांचा उद्धार करून मोकळा व्हायचा. तेच मशीन, तोच कापूस, सकाळी तुटतं आणि दुपारी बऱ्यापैकी चालतं. मग बदललं काय? माणूस. हे बाकीच्यांच्या डोक्यात यायच्या आधी आबांच्या डोक्यात आलं. दुसऱ्याला दोष देणं त्यांना जन्मात जमलं नाही, लोखंडालासुद्धा नाही.

आणि मग हात खरंच थरथरायला लागला. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरायला लागले. कोणी बघतंय असं वाटलं की उजवा हात मांडीखाली घ्यायचे. "आते घास बी मोजीसन खातस," माय मला दाराशी गाठून म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते मला दिसू नये म्हणून ती उगाच पदराने दाराची कडी पुसत होती. डॉक्टरकडे चला म्हटलं तर आबा ऐकत नव्हते. डॉक्टर काय सांगणार हे त्यांना सोनगीरलाच कळलं होतं.

गिरणीतल्या मास्तरांनी, म्हणजे खात्यावरच्या साहेबांनी, मला एकट्याला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, म्हणून तर जास्त लागलं. "दिवाळी होऊ दे," ते म्हणाले, "मग आबांना कचरा खात्यात बसवू. बसून काम आहे. त्यांच्या अब्रूला धक्का लागणार नाही असं करू." कचरा खातं म्हणजे मशीनखाली पडलेला कापूस निवडत बसायचं. मी तिथून निघालो. बाहेर आलो आणि एका बादलीला लाथ घातली. अंगठा आठवडाभर ठणकत होता.

मला खात्री होती की बिघाड खालच्या ड्रमच्या जाड टोकाशी आहे. पोट भरत आल्यावर पट्टा तिथेच असतो, दुसरीकडे कुठे असणार? वाती सैल पडतात म्हणजे बॉबिनी हव्या त्याहून कमी गुंडाळतायत, म्हणजे खालचा ड्रम मागे पडतोय, म्हणजे पट्टा घसरतोय. इथपर्यंत माझी गाडी सुरळीत होती. दार उघडून बघितलं तर त्या टोकाशी काळं, चिकट तेल. मला एवढा आनंद झाला की काय सांगू. बेअरिंग गळतंय! मी बेअरिंग बदललं, ड्रम रॉकेलने पुसून लख्ख केला आणि मिशीवर ताव देत घरी गेलो. दुसऱ्या दिवशी आठला कामावर आलो तर पुन्हा तेल आणि पुन्हा तुटलेल्या वाती. पुन्हा पुसलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी पुसायचो आणि ते उगवायचं. बेअरिंग बनवणाऱ्याला, विकणाऱ्याला आणि ते आणणाऱ्या स्टोअरवाल्याला मी जे जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही.

"मशीनना काही दोष नही रे भाऊ," आबा मागून शांतपणे म्हणायचे. त्या शांतपणाची मला धडकी भरायची.

पट्टा तेल पिऊन पिऊन फुगला आणि त्या रुंदीचा दुसरा स्टोअरमध्ये नव्हता. म्हणून सुटीच्या दिवशी जुना पट्टा माप म्हणून पिशवीत घालून मी जळगावची एसटी धरली. स्टेशनजवळ पट्ट्यांचं एक दुकान होतं. शेठ मूळचे मारवाडचे, पण पिढ्यान् पिढ्या जळगावात राहिलेले. आमच्यासारख्या फिटर लोकांशी ते घरचे असल्यासारखे बोलायचे. दुकानभर चामड्याची भेंडोळी, आणि मधे पांढऱ्या गादीवर शेठ.

त्यांनी माझा पट्टा हातात घेतला, उलटला, वाकवला आणि नाकाशी नेला. मग माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं.

"भाऊ, हा पट्टा कुठे होता?"

"फ्रेमला. बेअरिंगमधून तेल गळतंय त्यावर."

"मशीनच्या तेलाला असा वास येतो? घे, वास घे." मी घेतला. मला चामड्याचा आणि माझ्या नशिबाचा वास आला, बाकी काही नाही. शेठनी पट्ट्याच्या आतल्या बाजूला नख घातलं आणि खरवडून ते माझ्यापुढे धरलं. वरचा काळा थर निघाला होता आणि खाली, नखात, लालभडक.

"तिळाचं तेल आणि शेंदूर," शेठ म्हणाले. "दर मंगळवारी मी हनुमानजींना चढवतो, मला विचारतोस? तू काय, मारुतीला पट्टा नेसवला होतास?"

दुकानातले दोघेतिघे हसले. मी हसलो नाही. मी तसाच उभा राहिलो आणि मला एकेक गोष्ट दिसायला लागली. खंडेनवमीला गिरणीत सगळी मशीनं धुऊन पुसून, झेंडूच्या माळा घालून पुजतात. हळदकुंकू, नारळ, कोणी शेंदराचं बोट लावतं. वर्षभर खांबांवर, बटणांच्या पेटीवर, दारांवर ते डाग असतात. इतके असतात की आमच्या डोळ्यांना ते दिसतच नाहीत. आबांच्या नव्या फ्रेमचं पत्र्याचं दार बिजागरीचं होतं, देव्हाऱ्यासारखं उघडणारं. आत अंधारात ड्रमचं जाड, गोल टोक, काळं कुळकुळीत. आणि गेल्याच आठवड्यात माय कुरकुरली होती की दिवा लावायचं तिळाचं तेल कोण संपवतंय कळत नाही.

नवा पट्टा घेऊन मी एसटीत बसलो. गाडी एरंडोलच्या पुढे गेली तेव्हा मला हसू यायला लागलं. आधी नाकातून आलं, मग आवरेना. शेजारच्या बाईंनी आपली पिशवी मांडीवर ओढून घेतली. मी तोंडावर रुमाल धरला आणि त्या रुमालातच रडलो. आबांचा हात गेलेला नव्हता. काकांचं दुखणं आमच्या घरी आलेलं नव्हतं. एक बोटभर शेंदूर होता, बस्स, रॉकेलने पुसला जाणारा. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा मी उतरून दोन कप चहा प्यायलो आणि कंडक्टरलाही पाजला. त्याने कारण विचारलं तेव्हा "वडील बरे झाले" असं मी सांगून टाकलं, आणि ते सांगताना इतकं हलकं वाटलं की आणखी दोघांना सांगावंसं वाटलं.

धुळं जवळ आलं तसा दुसरा विचार टोचायला लागला. हे आबांना सांगायचं कसं?

संध्याकाळी मी सरळच विचारलं, "आबा, ड्रमले शेंदूर तुम्ही लावतस का?"

आबा लपवाछपवी करणारे नव्हते. "लावस ना," ते म्हणाले. खंडेनवमीला पहिल्यांदा लावला. फ्रेम नवीन, जरा रुसल्यासारखी चालत होती, म्हणून. मग वाती जास्त तुटायला लागल्या तेव्हा दर शनिवारी लावायला लागले. तरी थांबेना, तेव्हा मंगळवारीही. मग रोज, भोंगा व्हायच्या आधी, खात्यात कोणी नसताना. "मशीन नाराज शे, मंग देवले सांगाले नको का?"

म्हणजे झालं होतं ते असं. शेंदूर लावला की पट्टा तिथे पोचल्यावर घसरायचा आणि वाती तुटायच्या. वाती तुटल्या की आबा घाबरून आणखी शेंदूर लावायचे. लाल रंग फेऱ्या खाऊन तासाभरात काळा व्हायचा, म्हणून आठ वाजता मला नुसतं तेल दिसायचं. दुपारपर्यंत तेल बरंचसं पुसलं जायचं, म्हणून दुसऱ्या पाळीचा गडी गाणी म्हणत काम करायचा. आणि सकाळी पुन्हा ताजा शेंदूर. मी पुसत होतो आणि माझा बाप भरत होता.

मी हे सगळं सांगितलं, जुना पट्टा दाखवला, नखाने खरवडून दाखवला. "आबा, तुमना हात चांगला शे. बठ्ठा घोळ तेलना शे."

मला वाटलं होतं ते सुटकेचा श्वास टाकतील. त्यांचा चेहरा उतरला.

"मनासाठे देवले दोष देस का रे?"

मी समजावलं. त्यांनी मान हलवली. पोरगा बापाला वाचवायला काहीही बोलतो, एवढंच त्यांना त्यात दिसत होतं. हात गेला तर गेला, पण त्यासाठी देवाच्या शेंदरावर आळ नको, असा त्यांचा सरळ न्याय. मी चिडलो. घरात मी चिडलो की शेजारच्या खोल्यांतले रेडिओ बारीक व्हायचे. "तुम्हाला हात गेलेलाच हवाय का?" असंही मी बोलून गेलो. आबा भिंतीकडे तोंड करून बसले.

मग माय बोलली. ती इतका वेळ वाती वळत होती, देवाच्या.

"मी काय म्हनस," ती आबांना म्हणाली, "देवले कोनी फिरतीवर बसाडस का? दिवसभर गरगर फिरी ऱ्हायना तो. चक्कर येई त्याले. दारवर बसाडा, निवांत बसू द्या."

आबांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. यात देवावर आळ नव्हता, देवाचे हाल होत होते एवढंच होतं, आणि ते थांबवणं तर भक्ताचं कामच होतं. मला दोन वर्षांच्या कोर्समध्ये पट्ट्याचं सगळं शिकवलं होतं, हे शिकवलं नव्हतं.

"ते बी खरं शे," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या आधी आम्ही दोघं खात्यात गेलो. मी ड्रम रॉकेलने धुतला, कोरड्या फडक्याने पुसला, नवा पट्टा चढवला. आबांनी ड्रमपुढे हात जोडले, पुटपुटत काहीतरी माफी मागितली आणि पत्र्याच्या दारावर, बाहेरून, शेंदराचं बोट उमटवलं. बोट थरथरत होतं, टिळा वाकडा आला. त्यांनी तो बघितला आणि हात खिशात घातला.

मशीन सुरू झालं. मी दार उघडं ठेवून ड्रमपाशी उकिडवा बसलो. टक्. पट्टा किंचित सरकला. बॉबिनींवर थर चढत होते. मास्तर फेरी मारताना येऊन थांबले आणि मग गेलेच नाहीत. टक्. पट्टा अर्ध्यावर आला. आबा रांगेच्या मधोमध उभे होते, दोन्ही हात खिशात, नजर वातींवर. मी जन्मात इतक्या सावकाश सरकणारी वस्तू बघितली नाही. पट्टा जाड टोकाकडे पोचत आला तेव्हा मी आणखी पुढे वाकलो. समजा मी चुकलो असलो तर? समजा तेलही होतं आणि हातही गेला असला तर?

पट्टा त्या जागेवर चढला. घसरला नाही. वाती ताठ, एकसारख्या, जणू काही झालंच नव्हतं. टक्. टक्. बॉबिनी भरल्या, मशीन थांबलं. मास्तरांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि मोठ्याने म्हणाले, "आबा, मशीन बरं झालं बरं का!" आजूबाजूचे चारजण हसत जवळ आले. मला वाटलं, आता आबा हसतील.

आबा हसले नाहीत. त्यांनी गड्यांकडून भरलेल्या बॉबिनी उतरवून रिकाम्या लावून घेतल्या, स्वतः हात लावला नाही. पट्टा परत पहिल्या टोकाला आणला तोही मी. मग मला उमगलं. मशीन बरं झालं होतं हे त्यांना दिसलं होतं. पण एकही वात तुटली नव्हती, त्यामुळे हाताला काही करावंच लागलं नव्हतं. त्यांना मशीनचं भय कधी नव्हतंच.

दुसरी फेरी सुरू झाली. मास्तर निघून गेले, माणसं पांगली. मी हत्यारं गोळा करत होतो. तेवढ्यात रांगेतली एक वात तुटली. साधी, नेहमीची, कुठल्याही फ्रेमवर कधीही तुटते तशी. पेळूत एखादी गाठ आली असेल. तुटलेलं टोक फडफडायला लागलं.

मी उठलो, पण आबा माझ्या आधी पोचले होते. दांडा ढकलून मशीन थांबवलं, बॉबिनीवरचं टोक शोधलं, बॉबिनीभोवती फिरणाऱ्या फ्लायरच्या पोकळ पायातून वर काढलं, रुळाशी आलेल्या कापसाला भिडवलं आणि अंगठा आणि तर्जनीत एक पीळ. हे सगळं अगदी सहज झालं. बोटं जराही हलली नव्हती. त्यांचं त्यांनाच ते नंतर कळलं. जोडलेल्या जागेवरून त्यांनी हात काढला नाही. तिथेच थांबून ते स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले, आणि मी त्यांच्याकडे. मग त्यांनी नाकाने जोरात श्वास ओढला आणि खात्यातली बाकीची मशीनंही ऐकतील अशा आवाजात माझ्यावर खेकसले.

"दखी काय ऱ्हायना रे? ओढ दांडा!"

मी दांडा ओढला.